हजार अक्का

अक्का,

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. घरात माणसांची ये-जा चालूच आहे. खाली भांड्यांच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं असतं, आणि जिना चढून वर आलेली माणसं पाण्याचा तांब्या तोंडाला लावून तुमच्याबद्दल बोलायला लागतात. कुणी तुमच्या हातच्या कटाच्या आमटीबद्दल बोलतं, कुणी तुमच्या शांत स्वभावाबद्दल. शांत! मी आत स्वयंपाकघरात उभी असते, आणि ‘शांत’ ऐकलं की मला हसू आवरत नाही.

वाटतं, बाहेर यावं आणि सांगावं की अहो, या बाईला मी सगळ्यात आनंदात कधी बघितलं ते ऐका. धारवाडला, सप्तापुरात, एका कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत. पडद्यावर लाल अक्षरांत चूक उमटली होती आणि ही बाई टाळी वाजवून म्हणत होती, ‘आली! माझी पण आली!’

पण मी बाहेर येत नाही. मधूनच सुरू केलेली गोष्ट तुम्हाला कधी चालायची नाही, आणि पहिल्यापासून ऐकायला त्या लोकांना वेळ नसतो. म्हणून तुम्हालाच सांगते. पहिल्यापासून.

शाळेत पत्र आलं होतं. गणिताचं सॉफ्टवेअर, अगदी नवख्यांसाठी, पाच दिवसांचं प्रशिक्षण. आमच्या मोठ्या बाईंनी माझं नाव देऊन टाकलं. आपल्या गावातल्या लॅमिंग्टन रोडच्या त्या शाळेत इतकी वर्षं मी खडू आणि फळा यांच्यावर गणित शिकवलं. कॉम्प्युटरला हात लावायचा तो मार्क भरायला, तोही कुणाला तरी शेजारी बसवून. संध्याकाळी घरी येऊन मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच म्हणाले, ‘अक्का, मला नाही जायचं.’

तुम्ही शेंगा फोडत होतात. मान वर न करता विचारलंत, ‘सॉफ्टवेअर गणित करतं म्हणजे? मग तू काय करणार?’

‘तेच तर.’

‘मग जाऊन बघ की, तुझ्या जागेवर कोण बसायला आलंय ते.’

तुम्ही टरफलं सुपात झटकलीत आणि म्हणालात, ‘मी येते सोबत.’

‘तुम्ही?’

‘नवख्यांसाठी म्हणालीस न्हवं? माझ्यापेक्षा नवखं कोण मिळणार गं त्यांना?’

थोरले भाऊजी जेवायला बसले होते. ते हसून म्हणाले, ‘गणितात दोनदा नापास झालेली बाई कॉम्प्युटर शिकायला निघाली.’

‘दोनदा कशाला म्हणताय?’ तुम्ही म्हणालात. ‘खोटं बोलू नये. तीनदा.’

मी तुमची जाऊ होऊन या घरात आले तेव्हापासून तुमचं हे नापास होणं मी ऐकत आले होते. दुसरी कुणी असती तर लपवलं असतं. तुम्ही मात्र ते सगळ्यांना सांगत होतात, एखाद्या गावाला जाऊन आल्यासारखं. पण तीन वेळा गेलेल्या त्या गावात नेमकं काय झालं, ते तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. ते मला सप्तापुरात कळलं.

नावनोंदणीच्या टेबलावर बसलेल्या माणसानं तुम्हाला शिक्षण विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘पीयूसी, म्हणजे बारावी. गणित राहिलंय.’ त्यानं पेन थांबवलं. माझ्याकडं बघितलं, तुमच्या नऊवारीकडं बघितलं. तेवढ्यात मागून शिकवणाऱ्या हिरेमठ मॅडम आल्या. पोरगेल्याच दिसायच्या. पायात पळायचे बूट, हातात चहाचा कप. त्या म्हणाल्या, ‘परवागिल्ल री, बर्री, कुंदर्री!’ काही हरकत नाही, या, बसा, असं म्हणत तुमचा दंड धरून तुम्हाला थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. माझी जागा तुमच्या शेजारी आली. मला मागं बसायचं होतं.

खोलीत सगळे शाळा-कॉलेजातले शिक्षक, थोडी पदवीची मुलं, आणि तुम्ही. मॅडमनी पहिलं वाक्य कन्नडमध्ये म्हटलं, मग मराठीत, मग इंग्रजीत: ‘तप्पाद्र आगलि बिड्री. चुकलं तर चुकू द्या. इथं चूक झाल्याशिवाय कुणाला घरी सोडणार नाही.’ शिक्षकमंडळी अवघडून हसली. तुम्ही मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणालात, ‘हे तर मला येतंय.’

दोन अधिक तीन. एंटर. पाच. सगळ्यांच्या पडद्यावर पाच उमटला. मॅडम म्हणाल्या, आता मनाला येईल ते टाइप करा, बघू या त्याला काय काय कळतं. मी सतरा गुणिले तेवीस केलं, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं. तुम्ही एकेक अक्षर शोधत, एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत ‘अक्का’ असं टाइप केलंत. आणि एंटर मारला.

लाल अक्षरं आली. मागच्या रांगेतलं कुणीतरी चुकचुकलं. तुम्ही मॅडमना विचारलंत, ‘हे काय म्हणतंय?’

मॅडमनी वाकून वाचलं. ‘म्हणतंय, अक्का कोण, ते मला माहीत नाही.’

‘खरंच की! त्याला कुणी सांगितलंच न्हाई.’

‘मग सांगा. अक्का बरोबर, आणि तुमचं वय लिहा.’

तुम्ही एकोणसाठ लिहिलंत. मग परत नुसतं ‘अक्का’. खाली एकोणसाठ. ‘ओळखलं गं!’ असं तुम्ही एवढ्या मोठ्यांदा म्हणालात की शेजारच्या वर्गातलं कुणीतरी दारातून डोकावून गेलं.

त्या दिवशी तुम्ही किती चुका केल्यात! कंस उघडायचा आणि मिटायचा विसरायचा. स्पेलिंग उलटं. आकड्याच्या जागी अक्षर. प्रत्येक वेळी लाल अक्षरं, प्रत्येक वेळी तुमची टाळी. दुपारी मला जरा कानकोंडं व्हायला लागलं. मी हळूच म्हणाले, ‘अक्का, लाल म्हणजे चुकलं. टाळ्या काय वाजवताय?’

तेव्हा तुम्ही माझ्याकडं वळलात. आवाज एकदम खाली आला.

‘शैला, हे बघ. हे मला सांगतंय, चौथ्या ओळीत, इथं, या खुणेपाशी. आमच्या सरांनी माझ्या पेपराच्या आख्ख्या पानावर फुली मारली होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसऱ्या वेळी पण. तिसऱ्या वेळी पण. मी कुठल्या ओळीत नापास झाले ते मला आजपर्यंत कळलेलं न्हाई.’

मी स्वतः शिक्षिका. माझ्या डोळ्यांसमोर माझं लाल पेन आलं. पण तुम्ही तोवर परत पडद्याकडं वळला होतात. कंस मिटलात, एंटर मारलात, उत्तर आलं. तुम्ही पदरानं नाक पुसलंत आणि म्हणालात, ‘चल, पुढं.’

दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, एक्स बरोबर एक्स अधिक एक. मी उभी राहिले. म्हटलं, हे शक्यच नाही. दोन्हीकडून एक्स काढला तर शून्य बरोबर एक होतं. हे मी आठवीच्या मुलानं लिहिलं तर शून्य मार्क देईन. मॅडमनी समजावलं की इथं ‘बरोबर’ म्हणजे बरोबर नव्हे, ‘आता याला असं म्हणा’. मला पटेना. माझा चेहरा तापला. इतक्या वर्षांचं माझं बरोबरचं चिन्ह कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं झालं. आणि तुम्ही? तुम्ही हरखून माझ्याकडं बघत होतात.

‘तुला पण अडतं की गं!’

एवढंच म्हणालात. त्यात टोमणा नव्हता. इतक्या वर्षांत कुणी तुम्हाला सोबत दिली नव्हती, आणि आता मी भेटले होते, असा तो आनंद होता. मी खाली बसले, आणि मग मलाही हसू फुटलं.

त्याच दिवशी दुपारी तुम्ही अर्धविराम विसरलात. ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला की यंत्र उत्तर काढतं पण दाखवत नाही. नाही दिला तर सगळं पडद्यावर ओततं. तुम्ही एक ते दहा हजार आकडे मागितलेत आणि अर्धविराम दिला नाहीत. आकडे धो धो वाहायला लागले. तुम्ही हात वर करून मागं सरकलात, ‘अगं थांबव, थांबव, ह्याला कुणीतरी गप्प करा!’ सगळी खोली हसत होती. कालचे ते अवघडलेले शिक्षक उठून तुमच्या पडद्याभोवती गोळा झाले होते. मॅडम म्हणाल्या, अर्धविराम म्हणजे ‘मनात म्हण’. तुम्ही म्हणालात, ‘मग मला तो जन्मात जमायचा न्हाई.’

परतीच्या बसमध्ये आपलं ते भांडण परत निघालं. चिठ्ठीचं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण पहिल्यापासून सांगते म्हटलंय, म्हणून हेही सांगते. आपल्या भाऊबंदांच्या सगळ्या घरांतल्या मिळून सात सुना. दोन-तीन वर्षांतून एकदा सगळे जमून कोल्हापूरकडं कुलदेवीला जातात. देवीची मानाची ओटी एकाच सुनेनं भरायची. ती कुणी, हे ईश्वरचिठ्ठीनं ठरतं. पितळी तांब्यात सात चिठ्ठ्या, एकीवर कुंकवाचं बोट. थोरली सून पहिली चिठ्ठी उचलते, धाकटी शेवटची. तुम्ही थोरल्या, मी सगळ्यांत धाकटी. मला ओटी दोनदा मिळाली होती. तुम्ही दहाएक वेळा तांब्यात हात घातला असेल, तुम्हाला एकदाही नाही.

‘पहिलीला सगळ्या गर्दीतनं शोधावं लागतं,’ तुम्ही म्हणायचात. ‘तुमच्यापर्यंत येईस्तोवर गर्दी पांगते. शेवटच्या दोघींत तर निम्मा निम्मा चान्स.’

‘अहो, पण तोवर कुंकू कुणीतरी आधीच उचललेलं असतं! आमच्यापर्यंत येतच नाही ते बहुतेक वेळा. सगळ्यांना सारखंच पडतं.’

‘सिद्ध कर.’

मी सिद्ध करायचे. अपूर्णांक मांडून, गुणून, छेद उडवून. सातात सहा गुणिले सहात पाच, असं करत करत शेवटी सातात एक. तुम्ही ते सगळं नीट ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, ‘तुझ्या वहीत खरं असेल. तांब्यात न्हाई.’

त्या दिवशी बसमध्ये भांडण नेहमीसारखंच चाललं होतं. उणकलच्या पुढं कुठंतरी तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, ‘का देवीला मीच नको असेन?’

गंमतीतच म्हणालात. पण माझ्याकडं बघितलं नाहीत.

पुढच्या एका सकाळी मॅडमनी यादृच्छिक आकडे शिकवले. यंत्रानं मनाला येईल तो आकडा द्यायचा, आणि तेच काम हवं तेवढ्या वेळा परत परत करायचं. मॅडम म्हणाल्या, आपापल्या घरातला एखादा प्रश्न आणा, ज्याचं उत्तर कुणाला ठाऊक नाही. सगळे विचारात पडले. तुम्ही उभ्या राहिलात आणि मराठीत सुरुवात करून कन्नडमध्ये संपवत, आख्खी ईश्वरचिठ्ठी सांगितलीत. सात सुना, पितळी तांब्या, कुंकवाचं बोट.

मॅडमचे डोळे चमकले. त्यांनी कप खाली ठेवला. ‘अक्का, हे आज सगळ्यांनी करायचं.’

आणि मग ती खोली काय पेटली! अर्ध्या लोकांनी हात वर केले की पहिलीचं नुकसान आहे, काहींनी शेवटचीचं म्हटलं. कुणी माझ्या बाजूनं, कुणी तुमच्या. प्रोग्रॅम तुमच्याच कॉम्प्युटरवर लिहायचा ठरला. तुम्ही सांगत होतात, मी टाइप करत होते, मॅडम मागं उभ्या. सात चिठ्ठ्या पिसायच्या. कुंकू कितव्या हाताला लागलं ते बघायचं. त्या सुनेच्या खात्यात एक वाढवायचा. एक्स बरोबर एक्स अधिक एक! मी ते लिहिलं तेव्हा तुम्ही मला कोपरानं ढोसलंत. परत पिसायचं. शेवटी सात खांब काढायचे, ज्या सुनेला जास्त वेळा, तिचा खांब उंच.

आधी दहा वेळाच चालवलं. पडद्यावर वेडेवाकडे खांब उठले. पहिल्या सुनेच्या जागी खांबच नाही. शून्य.

‘बघ!’ तुम्ही किंचाळलात. ‘बघ, बघ! पहिलीला काहीच न्हाई! मी काय म्हणत होते?’

तुमच्या बाजूच्या लोकांनी बाकं वाजवली. मी म्हटलं, थांबा. शंभर वेळा चालवलं. पहिलीचा खांब उगवला, शेवटचीपेक्षाही थोडा वर. आता माझ्या बाजूचे ओरडले. हजार. खांब एकमेकांच्या जवळ आले. तुम्ही खुर्चीच्या टोकावर आला होतात. ‘अजून,’ तुम्ही म्हणालात. दहा हजार. सात खांब, सातही जवळजवळ एका उंचीचे, फोटोला उभ्या केलेल्या बहिणींसारखे.

मी जिंकले होते. इतक्या वर्षांनी, सगळ्यांसमोर. आणि मला अजिबात बरं वाटलं नाही, कारण तुम्ही हळू विचारलंत, ‘मग मला का न्हाई गं?’

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं, असं नाही. पण वहीतलं उत्तर तुमच्या उपयोगाचं नसायचं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं होतं. मी म्हटलं, ‘अक्का, दुसरा प्रोग्रॅम लिहू या. आता सुना नकोत. नुसत्या अक्का.’

एक अक्का. ती दहा वेळा तांब्यात हात घालते. तिला एकदा तरी कुंकू लागलं की तिला सोडून द्यायचं. एकदाही लागलं नाही तर मोजायचं. आणि अशा हजार अक्का. तुम्ही बारकाईनं बघत होतात. एका ठिकाणी माझाच कंस राहिला, लाल अक्षरं आली, तर तुम्हीच बोट ठेवून दाखवलंत. मिटला. एंटर.

दोनशेच्या वर आकडा आला.

‘हे काय?’ तुम्ही विचारलंत.

‘हजारातल्या एवढ्या अक्का. यांना दहा वेळांत एकदाही ओटी मिळाली नाही.’

‘दोनशे?’

‘दोनशेच्या वर.’

‘एकदाही न्हाई?’

‘एकदाही नाही.’

तुम्ही चष्मा काढलात. ‘आणि ह्यांनी काही पाप केलेलं न्हाई.’

‘ते आकडे आहेत, अक्का.’

‘तेच म्हणतेय की. आकड्यांनी काय पाप करायचं?’

मग तुम्ही म्हणालात, परत चालव. परत चालवलं, परत दोनशेच्या आसपास. परत चालव. परत तेवढेच. दर खेपेला वेगळ्या अक्का, पण दोनशेच्या खाली-वर. कितीदा चालवलं आपण ते! मॅडम, ते शिक्षक, ती पोरं, सगळे उभे राहून बघत होते आणि कुणालाही घाई नव्हती. शेवटी तुम्ही खुर्चीत मागं रेललात. चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं होतं.

‘मला वाटत होतं मी एकटीच,’ तुम्ही म्हणालात. ‘मी तर गर्दीत हाय गं!’

आणि हसायला लागलात. हसता हसता डोळे पुसत होतात, पुसता पुसता हसत होतात. ‘दोनशे जणी! दोनशे जणी माझ्यासारख्या!’ मॅडमनी तुम्हाला मिठी मारली. मी मारली नाही. मी तुमच्या पडद्यावरचा तो आकडा बघत बसले, कारण तुमच्याकडं बघितलं असतं तर मला तिथंच रडू फुटलं असतं.

भांडण मात्र तिथं संपलं नाही. कॉलेजच्या कोपऱ्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट खाताना तुम्ही मिरची भजी हातात धरून विचारलंत, ‘त्या शब्दाचा अर्थ काय म्हणालीस? यादृ...?’

‘यादृच्छिक. यदृच्छेनं. म्हणजे आपोआप, मनाला येईल तसं.’

‘कुणाच्या मनाला?’

‘कुणाच्याच नाही. तसं म्हणायची पद्धत आहे.’

‘कुणाच्या मनात न्हाई तर मनाला येईल कसं? बघ, तुमच्या शब्दातच मन हाय. आम्ही त्याला ईश्वर म्हणतो, तुम्ही तसं म्हणायला घाबरता.’

मी म्हटलं, ईश्वराचा यात संबंध नाही, सगळे खांब सारखे आले ते त्यामुळंच. तुम्ही म्हणालात, सारखे आले ते देवी सगळ्यांना सारखं बघते म्हणून. मी म्हटलं, मग ओटी कुणी भरली याला काय अर्थ राहिला? तुम्ही म्हणालात, ‘अर्थ ओटी मिळण्यात न्हाई गं, तांब्यात हात घालण्यात हाय.’ त्याचं उत्तर मी अजून शोधतेय. गेले काही दिवस कपडे वाळत घालताना, कुकर लावताना मी तुम्हाला नवीन नवीन मुद्दे सांगत असते. एक-दोन तर फार चांगले निघाले आहेत, आणि ते खोडून काढायला तुम्ही नाही, याचा मला राग येतो.

प्रशिक्षण संपलं, पण तुमचं सुटलं नाही. माझा लॅपटॉप तुमच्या ओट्यावरच राहायला लागला. फोडणी देता देता तुम्ही आलेख काढायचात. आणि एक दिवस तुम्ही जाहीर केलंत की तुझ्या शाळेत कॉम्प्युटरची खोली शनिवारी दुपारी रिकामी असते, तिथं वर्ग काढायचा. ज्यांना गणितानं एकदा तरी घरी पाठवलंय, अशा लोकांसाठी. पोरं, बाया, कुणीही.

‘कोण येणार अक्का?’

‘ते माझ्यावर सोड.’

आणि तुम्ही दुकानात गल्ल्यापाशी बसून माणसं गोळा करायला लागलात. कुकरचं झाकण घ्यायला आलेल्या बाईला तुम्ही विचारायचात, ‘तुम्ही कुठल्या वर्षी नापास?’ भाऊजी कपाळावर हात मारायचे. गिऱ्हाईक हसायचं, आणि मग थांबून सांगायचं. प्रत्येकाकडं सांगण्यासारखं काहीतरी असायचंच. मोठ्या बाईंची परवानगी मी काढली, शनिवार ठरला. तुम्ही म्हणालात, पहिल्या दिवशी सुरुवात मी करणार, तू न्हाई. मी पहिली चूक करून दाखवणार.

त्या शनिवारच्या आधीच तुम्ही गेलात. दुपारचं जेवण झालं, ‘जरा पडते’ म्हणालात, आणि मला चहा टाकायला सांगितलंत.

अक्का, एक राहिलं सांगायचं. तुम्ही सप्तापूरला शिकायला आला नव्हतात. मला एकटीला जायची भीती वाटत होती, ती तुम्ही शेंगा फोडता फोडता ओळखलीत आणि माझ्यासोबत आलात. हे मला पहिल्याच दिवशी बसमध्ये कळलं होतं. रोज वाटायचं, आज म्हणावं. मग तुम्ही काहीतरी भांडण काढायचात आणि ते राहून जायचं. उपकार मानू द्यायला तुम्हाला आवडायचं नाही.

वर्ग रद्द करावा असं मला वाटत होतं. भाऊजींनी ऐकलं नाही. ते म्हणाले, ‘तिनं लोकांना बोलावलंय. आलेल्यांना परत पाठवायचं काय?’

म्हणून काल गेले. खोली उघडली, पंखे लावले. एकेक करत माणसं यायला लागली. बाजारातल्या बायका, शाळेतली दहावीची पोरं, एक निवृत्त पोस्टमन. बहुतेकांना तुमचं कळलं होतं. ते येताना आवाज न करता येत होते, खुर्चीत टेकत होते. मी फळ्यावर तारीख लिहिली आणि पुढं काय म्हणायचं ते विसरले.

तेवढ्यात दारात एक बाई आली. तिशीची, कपाळावर मोठं कुंकू, खांद्याला पिशवी. अळणावरकडच्या कुठल्याशा खेड्यातून दोन बस बदलून आली होती. आत सगळीकडं नजर फिरवली आणि विचारलं, ‘भांड्याच्या दुकानातल्या अक्का कुठायत? त्या म्हणल्या होत्या, मी तुझ्या शेजारी बसते.’

तिला माहीत नव्हतं. कोण सांगणार होतं तिला? मागं कधीतरी पातेलं घ्यायला आली होती, तेव्हा तुम्ही बोलावलं होतंत, एवढंच.

मी तिला बाजूला नेऊन सांगायला हवं होतं. पण तिथंच, सगळ्यांसमोर, सांगितलं. ती ऐकत राहिली. ओठ दाबले, पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

‘मग आता शिकवणार न्हाईत काय?’

‘शिकवणार,’ मी म्हणाले.

‘मग चालू करा की. मला पाचची बस हाय.’

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, ते पोस्टमनसुद्धा. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत मी बसले. फळ्याकडं गेलेच नाही. तिथूनच सगळ्यांना म्हटलं, मनाला येईल ते टाइप करा. तिनं आपलं नाव लिहिलं. गंगव्वा. एंटर मारला आणि लाल अक्षरं बघून एकदम हात मागं घेतला.

‘एन आतु री? काय झालं? मोडलं काय?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘ते विचारतंय, तुम्ही कोण.’

अक्का, पुढचे दोन तास कसे गेले ते मला सांगता येणार नाही. गोंगाट, नुसता गोंगाट. पोस्टमननी वय टाकताना एक शून्य जास्त टाकलं आणि स्वतःच गदगदून हसले. दहावीची पोरं बायकांच्या खुर्च्यांमागं उभी राहून सांगायला लागली, बायका म्हणाल्या गप बसा, आम्हाला चुकू द्या. एका बाईनं असा काही प्रश्न विचारला की मला उत्तर येईना. मी तसं सांगितलं. माहीत नाही, बघू या, म्हटलं. आयुष्यात वर्गात हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणाले, आणि छत कोसळलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून बघितलं, आणि सापडलं.

गंगव्वाला पाचची बस चुकली. सहाची पण चुकत होती. पोरांनी खुर्च्या आत ढकलायला सुरुवात केली तेव्हा ती उठली, पिशवी घेतली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

‘बाई, पुढच्या वेळंला माझ्या जावंला आणू काय? ती गणिताला लई भेते. एकटी येणार न्हाई.’

मी फळ्याकडं तोंड करून थोडा वेळ तारीख पुसत राहिले.

‘आणा,’ मी म्हणाले. ‘दोघी एका कॉम्प्युटरवर बसा.’